‘भूमिगत रेल्वे’ कोणी चालवली?

महोदय,

अमेरिकेतील गुलामांना पळून जाण्यास साहाय्य करणाऱ्या ‘भूमिगत रेल्वे’ या गुप्त जाळ्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय उत्तम आहे. परंतु लेखाचा सारा भर भुयारे, गोधड्यांवरील सांकेतिक नक्षी आणि दयाळू गोरी कुटुंबे यांवरच राहिला आहे. त्यांपैकी गोधड्यांच्या कथेला समकालीन पुरावा नाही.

या कामाचा मोठा भार स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी आणि स्वतः पळून आलेल्यांनी उचलला होता. फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल हे गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत कारकून होते. येणाऱ्याचे नाव, वय, मालक कोण, मागे कोण राहिले आणि पुढे तो कोणते नाव घेणार, हे सारे ते टिपून ठेवीत. कोणासाठी किती पैसे खर्ची पडले, तेही लिहीत. १८५० साली स्वतःची किंमत मोजून मुक्त झालेला पीटर नावाचा एक प्रौढ गृहस्थ आईवडिलांचा शोध घेत त्या कचेरीत आला. त्याची हकीकत ऐकता ऐकता, आपल्या जन्मापूर्वीच गुलामगिरी असलेल्या दक्षिणेत मागे राहिलेला हा आपला सख्खा भाऊ आहे, हे स्टिल यांच्या ध्यानात आले! ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकमेकांचा ठावठिकाणा लागावा, हा या नोंदींमागील हेतू होता. मात्र हे कागद सापडले असते, तर मदत करणारे सगळेच गोत्यात आले असते. म्हणून पुढे ते एका दफनभूमीच्या इमारतीत दडवून ठेवावे लागले.

भीती अनाठायी नव्हती. पळालेल्या गुलामांविषयीच्या १८५० च्या अमेरिकी कायद्यानुसार त्यांना आसरा देणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे. शिवाय पकडलेल्या माणसाला मालकाच्या हवाली केल्यास निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला १० डॉलर मिळत, सोडून दिल्यास ५. असा दर असताना, हा कायदा जिथे पोहोचत नव्हता तो कॅनडा थेट गाठण्याची धडपड का चाले, हे वेगळे सांगायला नको.

जोतिराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला, हे यथोचितच होते. परंतु दीडशे वर्षांनंतरही आपण केवळ मदत करणाऱ्यांच्या औदार्याविषयीच लिहीत राहावे, हे पटत नाही. स्टिल यांनी आपल्या नोंदी ‘गुलामगिरी’च्या आदल्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांतील काही हकीकती पुरवणीतून क्रमशः मराठीत द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, सातारा