ग्रँड कॅनियन म्हणजे उलटा गड

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलांकडे अमेरिकेला गेलेले पुष्कळ आई-वडील मे ते जुलैच्या दरम्यान ॲरिझोनातल्या ग्रँड कॅनियन या खोल दरीच्या दक्षिण काठावर पोहोचतात. सिंहगडाला सरावलेले पाय तिथे फसतात. गडावर चढ आधी असतो. दमलो तर उतरून घरी. इथे उतार आधी आणि चढ नंतर, तोही ऐन उन्हात. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा. तीन तास हाताशी असतील, तर पहिला तास संपला की असाल तिथून मागे फिरावे.

दरीत उतरणाऱ्या साउथ कायबाब वाटेने सीडर रिज या टप्प्यापर्यंत गेले तरी पुरे: एकेरी २.४ किलोमीटर, ३४० मीटर उतार. वाटेच्या तोंडापर्यंत खासगी गाडी जात नाही, शटल बस घ्यावी लागते. या वाटेवर पाण्याचा थेंब नाही. ब्राइट एंजल या दुसऱ्या वाटेवर नळ आहेत, पण जलवाहिनी फुटली की तेही कोरडे. निघण्याआधी चौकशी करावी. माणशी तीन लिटर पाणी घ्यावे, सोबत खारे शेंगदाणे किंवा भडंग. कारण घामावाटे मीठ जाते आणि वरून नुसते पाणी पीत राहिले की रक्तातले सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण सुरू होते. सोबतचे लोक उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पाजतात! जुलैत काठावर २९ अंश असताना तळाशी ४१ असते. सकाळी दहा ते दुपारी चार खालच्या वाटेवर नसावे. खेचरे आली, तर दरीच्या नव्हे, कड्याच्या बाजूला उभे राहावे.

श्वास घ्यायला थांबाल तेव्हा कातळ पाहा. काठावरची फिकट कायबाब चुनखडी सुमारे २७ कोटी वर्षांची, समुद्रात साठलेली. थोडे खाली कोकोनिनो वालुकाश्मातले तिरपे पट्टे म्हणजे प्राचीन वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांचे उतार. आणखी खालचा रेडवॉल चुनखडीचा कडा मुळात करडा. वरच्या थरांतले लोह पाण्याबरोबर ओघळून त्याला लाल पुट चढले आहे. चुनखडी आणि वालुकाश्म ताठ उभे राहतात, मऊ शेल, म्हणजे चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक, झिजून उतार होतो. म्हणून वाट कड्यांतून नागमोडी, तीव्र जाते आणि मध्येच सैलावते. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या थराहूनही कितीतरी तरुण.

प्रवास पुरवण्यांत कॅनियनचा सूर्यास्त नेमाने छापून येतो. त्याशेजारी पाणी, मीठ आणि परत फिरण्याची वेळ सांगणारी छोटी चौकटही द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे