व्हेरिएबलची प्रत जाते, परत येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत संगणकाचे प्रात्यक्षिक घेताना एक मुद्दा आवर्जून शिकवावा, ही कळकळीची विनंती. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘विम’ या एडिटरमध्ये (मजकूर व प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) डॉलर चिन्हाने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) किंमत दिली, की विमने त्यानंतर सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसला, म्हणजे विमने चालवलेल्या दुसऱ्या प्रोग्रामला, तिची प्रत मिळते. डॉलर चिन्ह नसलेले साधे ग्लोबल व्हेरिएबल मात्र विमच्या आतच राहते. चाइल्ड प्रोसेसने स्वतःच्या प्रतीत केलेला बदल पेरेंटपर्यंत, म्हणजे विमपर्यंत, पोहोचत नाही, आणि होतकरू विद्यार्थी नेमके इथेच अडकतात, याचे फार वाईट वाटते. उत्तर परत हवे असेल, तर चाइल्डने ते छापावे आणि विमने ‘सिस्टिम’ फंक्शनद्वारे वाचून शेवटचे न्यूलाइन (ओळ संपल्याचे) चिन्ह काढून टाकावे.

– एक वाचक, जळगाव