ख्रिस्ती इतिहासाचे मराठी पान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील ख्रिस्ती इतिहासावरील लेख वाचला. इ. स. ३२५ ची निसियाची धर्मपरिषद (ख्रिस्ती श्रद्धेची सूत्रे ठरवणारी बिशपांची सभा) व १५१७ मध्ये धर्मसुधारणेची चळवळ सुरू करणारे मार्टिन ल्यूथर यांविषयीचे विवेचन नेटके आहे. परंतु लेख युरोपातच संपतो, हे खटकले. इंग्लंडहून आलेले जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे) धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, तेही रोमन लिपीत. इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपुरात (आपल्याकडील नव्हे, बंगालमधील) प्रसिद्ध झाले, तर १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले.

यांहूनही मोलाचे मला पंडिता रमाबाईंचे काम वाटते. १९२२ मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून, साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. माझ्या आजीजवळ त्याची जीर्ण प्रत होती. चष्मा नाकावर ओढून ती एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत असे, आणि शाळेत न गेलेल्या तिला एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागत नसे. पुरवणीच्या पुढील भागात या मराठी प्रवासाला जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर