सुतळी बॉम्ब आणि शाळकरी मूल

माननीय संपादक,

तोफखान्यात नोकरी झालेल्या माणसाला सुतळी बॉम्बचे काय, असे देवळाली कॅम्प, भगूर भागात दिवाळीला हमखास ऐकू येते. तोफ हुकुमानंतर उडते, गल्लीतला बॉम्ब न सांगता फुटतो. दचकणे तिथे असते. सगळ्याच माजी सैनिकांना हा त्रास नसतो. पण दचकणे, दुःस्वप्ने, माणसे टाळणे महिन्याहून जास्त टिकले आणि घर-कामावर परिणाम होऊ लागला, तर तो पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, असू शकतो. १९७१च्या युद्धातून परतलेल्यांच्या वेळी हे नावही नव्हते; ते १९८० साली रूढ झाले.

अशा घरातले मूल वडिलांचा चेहरा वाचायला शिकते. आज आवाज करायचा की नाही, हे ते चपला काढण्याच्या पद्धतीवरून ओळखते. वडिलांच्या झोपेतल्या ओरडण्याने त्याची झोप मोडते, मग वर्गात पेंगते, आणि शेरा पडतो ‘लक्ष नाही’. कारण कोणी सांगितले नाही की मूल ते स्वतःच शोधते: चूक माझी. म्हणून एवढे तरी सांगावे, ‘बाबांना अचानक आवाजाचा त्रास होतो. तू काही केलेले नाहीस.’ रणांगणाचे तपशील मात्र नकोत. थोरल्या मुलीवर आईची निम्मी जबाबदारी पडते आणि तिला ‘समजूतदार’ म्हणतात. तिच्याकडे तर आधी पाहावे.

वडिलांना उठवायला मुलाला पाठवू नये. मोठ्या माणसाने दिवा लावून, दारातूनच नावाने हाक मारावी. हलवले तर झोपेतला हात लागू शकतो. झोपेसाठी लष्करी कॅन्टीनच्या दारूचा पेग घेतला की डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

उपचार आहेत. आघातावरची समुपदेशने साधारण ८ ते १६ आठवडे, आठवड्याला एक. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; दहाव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून त्या बंद केल्या जातात, तिथेच घोळ होतो. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणी मिळते, आश्रित मुलांनाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक विनामूल्य आहे, तिथे मराठीत बोलता येते.

शाळांनी शेरा लिहिण्याआधी घरी कोण झोपत नाही, हे विचारावे. सोसायट्यांनी फटाक्यांची वेळ आठवडाभर आधी फलकावर लावावी, म्हणजे ज्याला तेवढा वेळ बाहेर जायचे आहे त्याला जाता येईल.

– माजी सैनिकांच्या कुटुंबांसोबत काम करणारे काही समुपदेशक, नाशिकरोड