रीड्रायव्हर हा रामबाण नव्हे

संपादक महोदय,

यूएसबी ३ चा सिग्नल लांब मार्गावर अडखळला की ‘रीड्रायव्हर (क्षीण झालेला सिग्नल उचलून पुढे पाठवणारी चिप) लावा’ असे सर्रास सांगितले जाते. ५ गिगाबिट वेगाला २.५ गिगाहर्ट्झपर्यंतची वारंवारता नीट पोहोचावी लागते. तांब्यात आणि बोर्डाच्या थरांत तीच सर्वाधिक झिजते, आणि शेजारचे बिट एकमेकांत मिसळतात. रीड्रायव्हर ती उचलतो, पण सोबत गोंगाटही. आखूड ट्रेसवर (बोर्डावरील तांब्याच्या वाटेवर) इक्वलायझेशन, म्हणजे उच्च वारंवारतेला दिलेली ही उचल, जास्त ठेवले तर चांगला सिग्नलच बिघडतो. म्हणून किमान सेटिंगपासून चढत आय डायग्राम (बिट एकमेकांवर ठेवून सिग्नलची स्पष्टता दाखवणारा आलेख) पाहावा. यादृच्छिक जिटर (बिटच्या वेळेतली अनियमित चलबिचल) मात्र रीड्रायव्हरने जात नाही. तिथे क्लॉक नव्याने काढून बिट पुन्हा पाठवणारा रीटायमरच हवा, महाग असला तरी. अर्थात कोणतीही चिप लावण्याआधी ९० ओहमचा डिफरन्शियल इम्पिडन्स (सिग्नलच्या जोडवाटेचा विद्युत अवरोध) आणि ट्रान्समिट बाजूचे १०० नॅनोफॅरड कपॅसिटर तपासावेत.

– एक इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, पुणे