त्वचेतील जनुकोपचार : मार्ग कोणता, हे महत्त्वाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनुकोपचाराच्या बातम्यांत जनुक शरीरात सोडल्याचे कळते. ते कोणत्या मार्गाने सोडले आणि किती काळ टिकले, हे सहसा कळत नाही. त्वचेच्या बाबतीत तर हाच मुख्य प्रश्न आहे, कारण तिचा वरचा थर सतत झडून नवा येतो आणि मूळपेशींपर्यंत न पोचलेले जनुक त्याच्याबरोबर निघून जाते.

अहमदाबादेत तयार झालेल्या ‘झायकोव्ह-डी’ या कोविडवरील लशीचा डीएनए सुईऐवजी बारीक, वेगवान फवाऱ्याने त्वचेत सोडला जाई. लशीला तेवढे पुरते, कारण प्रतिकारशक्तीला विषाणूच्या प्रथिनाची थोड्या काळापुरती ओळख झाली की काम भागते. मात्र ‘डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलायसिस बुलोसा’ हा जनुकीय आजार असलेल्या मुलांना, ज्यांच्या अंगावर सदऱ्याची शिवण घासली तरी फोड येतात, त्वचेचे थर एकत्र बांधून ठेवणारे सातव्या प्रकारचे कोलॅजन हे प्रथिन कायम लागते. त्याच्या जनुकाचा प्रथिन घडवणारा भागच सुमारे नऊ हजार अक्षरांचा असल्याने जनुकोपचारात नेहमी वापरल्या जाणाऱ्या एएव्ही या लहान विषाणूत ते मावत नाही.

म्हणून वाढ रोखलेल्या हर्पिस विषाणूत ते बसवून केलेल्या जेलला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ३१ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी जेल लावलेल्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या होत्या, तर औषधाविना जेल लावलेल्या २२ टक्के. हे जनुक गुणसूत्रात मिसळत नाही. त्यामुळे जखम भरेपर्यंत जेल दर आठवड्याला लावावे लागते.

रुग्णाच्याच पेशी रेट्रोव्हायरस या विषाणूमार्फत जनुक घालून दुरुस्त करून त्यांचे पापुद्रे बसवण्याची पद्धत अधिक टिकाऊ आहे. एपिडर्मोलायसिस बुलोसाच्याच दुसऱ्या प्रकाराने ग्रासलेल्या सात वर्षांच्या सीरियन मुलाची जवळपास ८० टक्के त्वचा २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे अशीच नवी बसवली गेली. पण त्यासाठी भूल, शस्त्रक्रिया आणि अद्ययावत प्रयोगशाळा लागते. शिवाय जनुक गुणसूत्रात शिरत असल्याने कर्करोगाच्या शक्यतेवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

माझ्या मते आपण आधी जेलचा मार्ग धरावा. या मुलांच्या जखमा धुऊन पट्ट्या बदलण्याचे काम आईवडील घरी करतातच; त्या क्रमात बसणारा उपचार गावापर्यंत पोचू शकतो. अडचण किमतीची आहे : अमेरिकेत एका कुपीची जाहीर किंमत २४ हजार डॉलरहून अधिक आहे. जनुक वाहून नेणारे विषाणू मोठ्या प्रमाणावर बनवण्याचा अनुभव त्याच प्रकारच्या कोविशील्ड लशीमुळे पुण्यात आहे. हर्पिसचे तंत्र वेगळे असले तरी या अनुभवाच्या आधारे देशी जेल तयार करण्यासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने निधी द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ, सातारा