किंमत विचारा, हप्ता नंतर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र जवळ आलं की आपल्या दैनिकासकट सोलापुरातल्या सगळ्याच वर्तमानपत्रांत टीव्ही, मोबाइल, फ्रिज आणि दुचाकींच्या पानपानभर जाहिराती येतात. त्या एकदा नीट बघाव्यात. सगळ्यात मोठ्या अक्षरात वस्तूची किंमत क्वचितच सापडते. तिथे असतं ‘फक्त १,९९९ रुपये महिना’, ‘शून्य टक्के व्याज’, ‘एक रुपया भरा, घरी न्या’. नवी पेठेतल्या दुकानात शिरणारं गिऱ्हाईकही आता दारातूनच विचारतं, ‘महिन्याला किती बसतील?’ मेथीच्या जुडीला दोन रुपये कमी करून मागणारी बाई चोवीस हजारांच्या टीव्हीचा भाव विचारत नाही. ती हिशोबात कच्ची आहे म्हणून हे होत नाही. किंमत विचारायची नाही, हप्ता विचारायचा, हे तिला वर्षानुवर्षं शिकवलं गेलं आहे. त्या शिकवणीबद्दल आणि तिच्यामागच्या आकड्यांबद्दल हे पत्र आहे.

आधी आकडे. समजा, योजना अशी आहे: टीव्ही २४,००० रुपये, बारा हप्ते, प्रत्येकी २,०००, व्याज शून्य. त्यातले चार हप्ते दुकानातच आगाऊ भरायचे. वर प्रोसेसिंग फी ५०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९०. काउंटरवर मोजायचे ८,५९० रुपये आणि पुढचे आठ महिने दोन-दोन हजार. तोच टीव्ही रोखीने, थोडी घासाघीस करून २२,५०० ला मिळतो असं धरू. आता या रोखीच्या भावातून काउंटरवर दिलेले पैसे वजा करा. उरतात १३,९१०. आपण घेतलेलं खरं कर्ज एवढंच आहे. चोवीस हजारांचं नाही आणि बारा महिन्यांचंही नाही. ते फेडायला आपण आठ महिन्यांत १६,००० देतो, म्हणजे २,०९० जास्तीचे. कर्ज दर महिन्याला कमी होत जातं, त्यामुळे या काळात आपल्या हातात सरासरी आठ हजारच असतात. आठ हजारांवर आठ महिन्यांत २,०९०, म्हणजे वर्षाला ३८-३९ टक्के. जाहिरातीत याच दराच्या जागी शून्य छापलेलं असतं.

रोखीलाही दुकानदार एक रुपया कमी करत नसेल, तर नुकसान फक्त फीचं, ५९० रुपयांचं. म्हणून सगळा खेळ रोखीच्या भावावर आहे आणि तो भाव आपण विचारतच नाही.

जास्तीचे पैसे जातात कुठे? फायनान्स कंपनी कुणालाही फुकट पैसे देत नाही. तिचं व्याज वस्तू बनवणारी कंपनी किंवा दुकानदार आधीच चुकते करतात आणि रोखीच्या गिऱ्हाइकाला जी सूट मिळाली असती, ती हप्त्याच्या गिऱ्हाइकाला न देऊन ते वसूल होतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट कळवलं होतं की शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, व्याज फीमध्ये किंवा इतरत्र मिसळलेलं असतं. त्यानंतर ‘शून्य टक्के’च्या शेजारी ‘नो कॉस्ट’ हे नवं नाव आलं.

दुचाकीत वेगळी गंमत नाही, वेगळा फास आहे. तिथे दर सांगतात ‘फ्लॅट’. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, १० टक्के फ्लॅट, म्हणजे ३०,००० व्याज आणि महिना साधारण ३,६११ रुपये हप्ता. पण फ्लॅटमध्ये व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण लाखावरच मोजलं जातं, आपण मुद्दल फेडत असलो तरी. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर १८ टक्क्यांच्या आसपास येतो. सहकारी बँकेचा १२ टक्के घटता दर ऐकून ‘तिकडं महाग आहे, शोरूमला दहाच टक्के आहे’ असं म्हणणारे सुशिक्षित लोकही पुष्कळ आहेत.

हप्ता चुकतो तो बहुतेकदा तारखेमुळे. हप्ता खात्यातून कापला जातो दोन किंवा पाच तारखेला आणि पगार होतो सात-दहाला. आठवड्याच्या आठवड्याला मजुरी घेणाऱ्याचं तर खातं महिन्याच्या सुरुवातीला रिकामंच असतं. हप्ता परत गेला की कंपनी दंड लावते, बँक तिचा चार्ज वेगळा कापते. काही वेळा त्याच महिन्यात दुसऱ्यांदा प्रयत्न होतो आणि बँक पुन्हा कापते. दोन हजारांच्या हप्त्यामागे पाच-सातशे रुपये असे सहज जातात, शिवाय सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, नोंद होते ती वेगळी. म्हणून कर्ज घ्यायचंच असेल तर हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची मागून घ्यावी आणि रक्कम आदल्या संध्याकाळीच खात्यात ठेवावी. सकाळी उठून भरू म्हणणारे फसतात.

फसण्याची दुसरी जागा म्हणजे टॅबवरची सही. सेल्समन भराभर पानं सरकवतो आणि म्हणतो, ‘ओटीपी सांगा.’ ओटीपी ही आपली सही आहे, हे अजून कितीतरी घरांत माहीत नाही. त्या पानांत वाढीव वॉरंटी, स्क्रीनचा विमा, हेल्थ कार्ड, हप्ता-कार्डाची वार्षिक फी असं काहीतरी जोडलेलं असतं आणि ते कर्जाच्या रकमेत मिळवलेलं असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ (रिटेल) मुदत कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. हा मुख्य तपशिलाचा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा, म्हणजे आपण तो मराठीत मागू शकतो. त्यात वार्षिक दर सगळ्या फी आणि विम्यासकट दाखवावा लागतो आणि त्यात नसलेला चार्ज आपल्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जात हा कागद दिल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. ‘आज नाही घेतलं तर ऑफर गेली’ असं कोणी म्हणालं तर हे तीन दिवस त्याला सांगावेत. मात्र एक लक्षात ठेवावं: हातची गेलेली रोखीची सूट या कागदावर येत नाही. वरच्या टीव्हीच्या उदाहरणात कागदावरचा दर बराच कमी दिसेल. ती वजाबाकी आपली आपणच करायची.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. दुचाकीच्या शोरूममध्ये गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, घरच्या सगळ्यांना पुठ्ठ्याची भली मोठी चावी हातात देऊन उभं करतात, कर्मचारी टाळ्या वाजवतात. तो फोटो संध्याकाळच्या आत मोबाइलच्या स्टेटसवर असतो. गाडीचा सत्तर-ऐंशी टक्के भाग अजून कर्ज देणाऱ्याचा आहे. तरी घरात त्या दिवशी ‘कर्ज झालं’ असं कोणी म्हणत नाही, ‘गाडी झाली’ म्हणतात. ‘लोन पास झालं’ हे वाक्य परीक्षेत पास झाल्याच्या आनंदात उच्चारलं जातं. मोबाइलवर संदेश येतो, ‘अभिनंदन, तुम्ही दीड लाखासाठी पात्र आहात.’ पात्र! आयुष्यभर ज्याला शाळेने, कार्यालयाने, बँकेच्या खिडकीने परत पाठवलं, त्याला पहिल्यांदाच कोणीतरी पात्र म्हणतं. त्या शब्दाची ओढ मला समजते आणि म्हणूनच तो शब्द वापरणाऱ्यांचा राग येतो.

विडी कामगार बाई किंवा यंत्रमागावरचा कामगार सावकाराच्या दारात जायचा तेव्हा मान खाली घालून जायचा. सावकारी वाईटच होती, तिचं गुणगान मला करायचं नाही. पण आपण कर्जात आहोत, कोणाच्या कर्जात आहोत आणि त्यात कोणाचा फायदा आहे, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आज कर्ज तितकंच आहे, फक्त ते प्रगतीसारखं दिसतं. कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगल्सने १८९३ मधल्या एका पत्रात ‘खोटी जाणीव’ असा शब्द वापरला होता: माणूस विचार करतो, पण त्याला ढकलणारी खरी कारणं त्याची त्यालाच ठाऊक नसतात. हप्त्याच्या दुकानात हे डोळ्यांसमोर घडतं. मजुरी वाढत नाही, कर्जाचं लिमिट मात्र वाढतं आणि लिमिट वाढलं की आपण वर सरकलो असं वाटतं. ‘परवडतं’ या शब्दाचा अर्थच बदलला. पूर्वी परवडणं म्हणजे खर्च भागून हातात उरणं. आता कंपनी जेवढं द्यायला तयार, तेवढं आपल्याला परवडतं.

याचा परिणाम घराबाहेरही होतो. तीन हप्ते डोक्यावर असलेला कामगार एक पाळी बुडवायला धजत नाही. मजुरीवाढीसाठी कोणी माग बंद ठेवा म्हणालं तर तो पहिला नाही म्हणतो, कारण पाच तारीख त्याच्या मानेवर असते. ज्या गावाने गिरणी कामगारांच्या एकीवर मान ताठ ठेवली, त्या गावात ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते.

घरातल्या घरात करता येण्यासारखा एक उपाय आहे. वस्तूची किंमत रुपयांऐवजी आपल्या कामात मोजावी. रोज पाचशे रुपये पडत असतील तर चोवीस हजारांचा टीव्ही म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. विडीचं काम हजारावर मोजतात, तर त्या घरात ‘हे किती हजार विड्यांचं?’ असा प्रश्न विचारावा. हप्ता ऐकून जो माणूस लगेच हो म्हणतो, तो अठ्ठेचाळीस दिवस ऐकून निदान पाणी पिऊन विचार करतो. दुकानात गेल्यावर हप्त्याचं नाव काढण्याआधी ‘रोख घेतलं तर शेवटचा भाव काय?’ हे विचारून कागदावर लिहून घ्यावं. मग हप्त्याची सगळी रक्कम, फी, जीएसटी आणि जोडलेल्या वस्तू यांची बेरीज करून त्यातून रोखीचा भाव वजा करावा. दहा मिनिटांचं काम आहे, पाचवी शिकलेल्यालाही जमतं.

आणि आपल्याकडे भिशी आहेच. बारा जणींनी महिना दोन हजार टाकले की दर महिन्याला एकीच्या हातात चोवीस हजार रोख येतात. आकडे तेच, फी नाही आणि रोखीची सूटही मिळते. भिशी ओळखीतलीच असावी, चिठ्ठी टाकून निघणारी असावी, वहीवर प्रत्येकीची सही असावी. बोली लावून घ्यायच्या भिशीत पुन्हा व्याजच शिरतं, आणि पन्नास-शंभर अनोळखी माणसांची भिशी चालवणारा एखादे दिवशी गाव सोडतो.

कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला घ्यावा, बँकेतला हप्त्याचा आदेश बंद झाल्याची खात्री करावी आणि दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल तपासावा. सिबिलसारख्या प्रत्येक पत-माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. वसुलीवाले सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत नामुष्की करू शकत नाहीत. तसं झालं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वस्तू किंवा जाहिरातीबद्दलची तक्रार १९१५ वर करता येते.

शेवटी आपल्याकडे थेट मागणी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत म्हटलंय की जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात, ठळक दिसेल असा हवा. आपल्या पानावर मात्र ‘शून्य टक्के’ मराठीत बोटभर उंचीचं असतं आणि अटी तळाला इंग्रजीत, भिंगाखाली वाचाव्यात अशा. जाहिरातीवर वर्तमानपत्र चालतं, हे मी जाणतो. जाहिराती बंद करा असं मी म्हणत नाही. येत्या दसरा-दिवाळीत हप्त्याची जाहिरात घेताना तीन आकडे सारख्याच टाइपात आणि मराठीत छापण्याची अट आपण घालावी: रोखीची किंमत, हप्त्याने द्यावी लागणारी एकूण रक्कम, आणि दुकानात पहिल्या दिवशी भरायचे पैसे. जे दुकानदार रोखीचा आणि हप्त्याचा भाव खरोखर एकच ठेवतात, त्यांचा यात फायदाच आहे. बाकीच्यांची हरकत आली तर तीही ‘वाचकांची पत्रे’मध्ये छापावी, म्हणजे हरकत नेमक्या कोणत्या आकड्याला आहे ते सोलापूरकरांना वाचता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, जुळे सोलापूर